व्हिडिओ सुरू होण्याआधी

दादाने वहिनीच्या खांद्यावर हेल्मेट मारलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला मोरीपर्यंत ऐकू आला. रविवारची सकाळ होती. पाणी आलं होतं म्हणून मी आणि आई कपडे धूत होतो. पप्पा विहारात गेले होते. आमचं घर चिखलीत, दुसऱ्या मजल्यावर, पुढे लांब सामाईक गॅलरी. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधली माणसं दिसतात आणि त्यांना आम्ही दिसतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चिखलीतच एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीन चालवायचा. मित्रांना जीव लावणारा, कुणाची गाडी बंद पडली तर अर्ध्या वाटेत जाऊन ढकलत आणणारा. वहिनी नांदेडकडची. लग्नानंतर घरात बसून कंटाळली म्हणून मीच तिला चाकणला एका कंपनीत लावलं होतं. गाडीत आत ज्या वायरी असतात त्यांची जुडगी बांधायचं काम. माझी कंपनी त्याच रस्त्याला, पण वेगळी. मी तिथे क्वालिटीत आहे, माल तपासते.

भांडण फोनवरून झालं. आदल्या दिवशी वहिनीला ओव्हरटाइम होता, दादा फोन लावत राहिला आणि तिने उचलला नाही. सकाळी चहा पिताना त्याने विचारलं. ती म्हणाली, “लाइनवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तुम्हाला म्हाईत हाय की.”

“सुपरवायझरशी बोलायला वेळ असतो ना?”

“हो, असतोय. कामाचं बोलावं लागतंय.”

एवढंच. त्या ‘हो’वर तो उठला. आधी एक थप्पड. थपडा त्या घरात नव्या नव्हत्या. वर्षभरापासून चालू होत्या आणि प्रत्येक वेळी आई मला सांगायची, नवरा-बायकोचं आहे, तू मधे पडू नको. त्या दिवशी थपडेनंतर वहिनीने त्याचा हात धरला. मारला नाही, नुसता धरला. मग त्याने दाराजवळच्या फळीवरचं हेल्मेट घेतलं.

मी धावत गेले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खाली घसरत होती आणि तिचा डावा हात विचित्र लोंबत होता. तो पुन्हा हेल्मेट उचलत होता. मी मधे गेले. पुढचा फटका माझ्या तोंडावर बसला. समोरचा दात तुटून जिभेवर आला, खड्यासारखा. मी तो थुंकून टाकला. आई दारात ओल्या हातांनी उभी होती. ती फक्त म्हणाली, “अरे, पुरे आता,” जसं काही तो जास्त जेवत होता.

तो माझ्याकडे बघत एक क्षण थांबला. मला वाटलं, संपलं. मग त्याने वहिनीच्या पोटात लाथ घातली. मी मोरीतून कपडे धुवायचं धोपटणं आणलं आणि त्याच्या नडगीवर मारलं. मग हातावर. हेल्मेट खाली पडलं. तो लंगडत गॅलरीत गेला, मी मागे गेले. तिथे तो कठड्याला धरून खाली बसला. तो बसल्यावरही मी त्याच्या पाठीत दोनदा मारलं. हे खरं आहे, आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी हे असंच सांगितलं. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. नंतर ऐकलं, कारण समोरच्या गॅलरीतल्या एका माणसाने मोबाईल काढला होता.

त्याने तो काढला तेव्हा दादा गॅलरीत आला होता. त्यामुळे व्हिडिओत हेल्मेट नाही, वहिनी नाही. एक पुरुष खाली बसलाय, आणि केस सुटलेली एक बाई त्याला लाकडाने मारतेय आणि ओरडतेय, “आता मार. बाईवर हात टाकतोस? आता मार ना.” माझ्या तोंडातून रक्त येत होतं, पण त्या छोट्या पडद्यावर ते पान खाल्ल्यासारखं दिसत होतं.

मी वहिनीला रिक्षाने दवाखान्यात नेलं. कॉलर बोन दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तर ती म्हणाली, पडले. मी म्हटलं, “पडली नाही. हेल्मेटने मारलंय, माझ्या भावाने.” डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोलिसांना कळवावं लागेल म्हणाले. वहिनी माझ्यावर चिडली. “ताई, तुम्ही बोलायलाव, पण राह्यचं मला हाय.” मी तिला म्हटलं, तुला राहायचंच असेल तर राहा, पण खोटं मी बोलणार नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी तिने स्वतःच जबाब दिला.

मी माझा जबाब देऊन चौकीतून बाहेर पडले तोवर व्हिडिओ माझ्याआधी सगळीकडे पोचला होता. कुणीतरी त्यावर लिहिलं होतं, ‘हेच का तुमचं फेमिनिझम’. कुणी त्याला ढोलकीचं संगीत लावलं. मी नवऱ्याला मारतेय असं सगळे धरून चालले होते, नंतर कुणालातरी कळलं की बहीण आहे, मग ‘सख्ख्या भावाला’ असं लिहून पुन्हा फिरवलं. खाली लोकांनी लिहिलेलं मी सुरुवातीला वाचत होते. हिला उचलून न्या. हिच्या तोंडावर ॲसिड टाका म्हणजे फेमिनिझम उतरेल. आणि बाकीचं, जे बाईबद्दल लिहितात तेच. लिहिणाऱ्यांच्या फोटोंमध्ये त्यांची लहान मुलं होती, नव्या गाड्या होत्या. एक जण मला ओळखीचा वाटला. आमच्याच गल्लीत पीठगिरणीवर दिसायचा.

पोलिसांनी दादाला नोटीस देऊन सोडलं होतं. मी त्याला फोन केला. म्हटलं, “तू लिही ना, आधी काय झालं ते. एकदाच लिही.”

तो म्हणाला, “मी काय लिहू? लोक स्वतःहून माझ्या बाजूने बोलतायत. मी कुणाला सांगितलंय का?”

त्याने खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगावं लागलंच नाही.

वहिनीला दोन भाऊ. दोघेही चाकणला टेम्पोवर. बहिणीचं हाड मोडल्याचं कळल्यावर ते दवाखान्यात आले, तिच्या उशाशी शांत उभे राहिले, थोरल्याने तिला नारळपाणी पाजलं. दोन दिवसांनी भर दुपारी ते दादाच्या वर्कशॉपवर गेले. सोबत लोखंडी पाइप होता. दादा मशीनवर उभा होता. त्यांनी आधी त्याला मशीनपासून बाजूला ओढलं, मग त्याचा उजवा हात लोखंडी टेबलावर धरला. धाकट्याने धरला आणि थोरल्याने मारलं. वर्कशॉपमधल्या माणसांनी सोडवेपर्यंत हाताचा चुरा झाला होता. ऑपरेशन झालं, हात राहिला, पण दोन बोटं कायमची ताठ झाली. त्या मशीनवर तो पुन्हा काम करू शकला नाही.

मी त्याला बघायला दवाखान्यात गेले. तो झोपेत होता, हाताला एवढं मोठं बँडेज, आणि नखांखाली अजून मशीनचं तेल. लहानपणी शाळेतून येताना रस्ता ओलांडायला त्याच हाताने तो माझं मनगट धरायचा, बोटं नाही, मनगट, म्हणजे निसटणार नाही. मी तिथे उभी राहून रडले. ज्याने माझा दात पाडला त्याच्यासाठी रडले आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

पप्पा बाहेर बाकावर बसले होते. माझे पप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते, युनियनमध्ये होते. स्त्रीमुक्ती हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. मी लहान असताना विहारात दर वर्षी ते भाषण करायचे. बाईला शिकवा, बाईला कमवू द्या, बाईवर हात उचलणारा माणूस आपला नाही. खाली सतरंजीवर बसलेल्या बायका मान डोलवायच्या. मला बारावीनंतर डिप्लोमाला घालायचं ठरलं तेव्हा माझ्या काकांनी विरोध केला होता. पप्पा त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्या त्या स्त्रीमुक्तीने माझ्या पोराचा हात खाल्ला.”

मी म्हटलं, “पप्पा, हात तिच्या भावांनी मोडला. आणि शब्द तुमचा आहे.”

ते उठले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर हात उगारला. मारला नाही. हात वर तसाच राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, “घरी येऊ नको.”

मी त्यावर खूप विचार केला आहे. त्यांची ती भाषणं खोटी नव्हती. ते बोलायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुसरा माणूस असायचा, दारू पिणारा, शेजारच्या गल्लीतला. त्यांचा मुलगा त्या भाषणात कधीच नव्हता. जोवर ती गोष्ट लोकांच्या घरची होती तोवर शब्द चांगला होता. आमच्या घरात शिरला तेव्हा त्यांना तो शिवीसारखा वाटू लागला.

मी मोशीला एक खोली भाड्याने घेतली. वहिनी दवाखान्यातून तिच्या भावांकडे गेली आणि मी कामावर जाऊ लागले. कंपनीत मला आधीपासून काही जण ‘फेमिनिस्ट’ म्हणायचे. बायकांचं टॉयलेट लाइनपासून लांब, दुसऱ्या शेडमध्ये होतं. ते जवळ करा म्हणून मी मागे लागले होते, तेव्हापासून. त्यात थोडी चेष्टा होती, थोडं कौतुकही होतं. टॉयलेट झालं तेव्हा त्यांच्यातल्याच दोघांनी मला वडापाव आणून दिला होता. व्हिडिओनंतर शब्द तोच राहिला, पण म्हणायची तऱ्हा बदलली. मी एखादा माल नापास केला की कुणीतरी हळूच म्हणायचं, “घ्या राव परत, नाहीतर बाई धोपटणं काढेल.” बाकीचे हसायचे. एकदा माझ्या टेबलावर कुणीतरी खरंच एक धोपटणं ठेवलं. मी ते भंगारच्या पेटीत टाकलं आणि काम चालू ठेवलं. त्या दिवशीचं मोजमाप मात्र दुसऱ्याकडून तपासून घेतलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कंपनीच्या बसमध्ये. असेंब्लीतली एक बाई रोज माझ्या शेजारी बसायची. माझ्याच वयाची. आम्ही डबे बदलायचो. एक दिवस ती मागच्या सीटवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही. मी उठून तिच्याजवळ गेले तर तिने तोंड खिडकीकडे वळवलं, पण त्याआधी मला दिसलं. गालाचं हाड निळं पडलं होतं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं होतं.

कॅन्टीनमध्ये हात धुताना ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. नळ चालू ठेवून बोलली.

“राग नाही हं तुमच्यावर. बसमध्ये ह्यांचे मित्र असतात, म्हणून बसत नाही.”

“काय झालं?”

“ह्यांनी तुमचा व्हिडिओ दाखवला मला. म्हणाले, हिच्याच शेजारी बसतेस ना? मी म्हटलं, आधी काय झालं ते तुम्हाला कुठे माहितीये. एवढंच म्हटलं.” तिने तोंडावर पाणी मारलं. “म्हणाले, चढलं का तुला पण. आणि मग मारलं. आत्ताच उतरवतो म्हणाले.”

मी म्हटलं, “तक्रार करायची असेल तर मी येते.”

ती घाबरून मागे सरकली. “नको. मी तसली नाही.”

तसली म्हणजे कसली, हे मी तिला विचारलं नाही. तिच्या डोळ्यात रक्त होतं आणि विचारायची ती जागा नव्हती. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली. त्या माणसाला माझ्याबद्दल काही माहीत करून घ्यायचं नव्हतं. त्याला घरात दाखवायला काहीतरी हवं होतं. माझ्यासारखी होऊ नये म्हणून तिला मार बसला होता, आणि मार बसल्यावर ती माझ्यापासून लांब जाऊन बसली होती. दोन्ही कामं एकाच दणक्यात झाली होती.

पावसाळा संपता संपता वहिनीचा फोन आला. भाऊ तिचं दुसरं लग्न ठरवत होते. घटस्फोट अजून झाला नव्हता, तरी स्थळ बघून ठेवलं होतं, गावाकडचं. तिने सांगितलं, मला लग्न नको, मी परत कामावर जाते, ताईंकडे राहते. मी तिला घ्यायला चाकणला गेले. ती पिशवी घेऊन खोलीच्या बाहेर आली तेव्हा थोरला भाऊ टेम्पो धूत होता. ज्याने नारळपाणी पाजलं होतं तो. त्याने पाण्याचा पाइप खाली टाकला, सरळ चालत आला आणि तिच्या कानाखाली अशी मारली की ती टेम्पोच्या फाळक्यावर आपटली. त्याच मोडलेल्या खांद्यावर.

“तुझ्यासाठी मी केस अंगावर घेतली,” तो म्हणाला. “तुरुंगात राहून आलो. आणि तू एकटी राहणार? लोक काय म्हणतील आम्हाला?”

मी तिला उठवायला गेले तर तो मला म्हणाला, “बाई, तू भावाला मारलंस ते बघून आम्ही तुला मानत होतो. पण आता तिच्या डोक्यात हे भरू नको.”

वहिनी उठली. ओठ फुटला होता. तिने पदराने तो पुसला आणि भावाला म्हणाली, “दादा, तू त्येंचा हात माझ्यासाठी मोडला नव्हतास.” एवढं बोलून ती माझ्या गाडीवर मागे बसली. तो मागे आला नाही. मी आरशात बघत होते, तो पुन्हा टेम्पो धुवायला लागला होता.

तेव्हापासून आम्ही दोघी मोशीला राहतो. घरमालकिणीने विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण? वहिनी म्हणाली, नणंद-भावजय. मालकीण हसली, तिला ते थट्टेचं वाटलं. वहिनीचा डावा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना तिची वेणी मी घालते. केस ओढले गेले की ती दचकते. मी हळू ओढते, तरी दचकते.

घटस्फोट समझोत्याने झाला. कोर्टात समुपदेशन करणाऱ्या, समजावणाऱ्या बाईंनी तिला विचारलं होतं, तुमच्या नणंदेनं तुम्हाला हे सगळं शिकवलं का? वहिनी म्हणाली, “मला कायबी शिकवलेलं नाही. मी कसली स्त्रीवादी-बिदी नाही बघा. मला मार नको होता, एवढंच.” बाई खूश झाल्या. म्हणाल्या, असं समंजसपणे बोललं की बरं वाटतं. बाहेर आल्यावर मी वहिनीला म्हटलं, अगं, तू जे म्हणालीस तेच ते. ती म्हणाली, “असंल. पण तो शब्द घेतला असता तर बाकीचं ऐकलं असतं का त्यांनी?”

या वर्षी उन्हाळ्यात पप्पा मोशीला आले. वर आले नाहीत, खाली रस्त्यावर उभे राहिले. मी गेले. ते वाळले होते. म्हणाले, “मुलीकडचे बघायला येणार आहेत. दादासाठी. बहीण घरात दिसली नाही की लोक शंका घेतात. तासभर येऊन बस.”

“पप्पा, त्यांना वहिनीचं सांगितलंय?”

“सगळं सांगितलंय.”

मी गेले. आईने मला नवी साडी दिली आणि माझ्या खोट्या दाताकडे बघून म्हणाली, चांगला बसलाय की. दादा आता एका गोडाऊनमध्ये माल उतरवून घ्यायचं बघतो. त्याने मला पाणी आणून दिलं. ग्लास त्याने तीन बोटांनी धरला होता. मुलीची आई आणि मामा आले होते. मुलगी नव्हती. चहा झाल्यावर मुलीची आई गॅलरीत हवा घ्यायला उभी राहिली आणि मी तिच्याजवळ गेले.

मी म्हटलं, “काकू, मी त्याची सख्खी बहीण आहे, म्हणून सांगते. पहिल्या बायकोला त्याने हेल्मेटने मारलं. खांदा मोडला. हा माझा दात त्यानेच पाडलाय. तुमची मुलगी देण्याआधी विचार करा.”

त्या बाईने शांतपणे ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, माझ्याविषयी दया होती.

“आम्हाला सांगितलंय हो तुमच्याबद्दल,” ती म्हणाली. “मुलाची बहीण जरा फेमिनिस्ट आहे, वाट्टेल ते बोलेल, मनावर घेऊ नका. तुमचे वडीलच म्हणाले.” मग माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, “तुमचंही लग्न झालं की शांत व्हाल.”

मी दात काढून दाखवणार होते. तो काढता येतो. पण ती आत निघून गेली होती, आणि आतून पप्पांचा आवाज येत होता. ते मामांना सांगत होते की आमच्या घरात बायकांना बरोबरीचं स्थान आहे, विहारात कुणालाही विचारा.

मी चप्पल घातली. जिन्यात दादा उभा होता.

“बोललीस?” त्याने विचारलं.

“बोलले.”

“मग?”

“तुम्ही आधीच सांगून ठेवलंय म्हणाली.”

मला वाटलं तो हसेल, पण हसला नाही. तो खाली बघत म्हणाला, “मी आता कुणाला मारणार नाही. हाताने होत पण नाही.” मी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो धडधाकट होता. मी जिना उतरले.

लग्न झालं. मला बोलावलं नव्हतं. वहिनीला मात्र कुणीतरी मोबाईलवर फोटो पाठवला. संध्याकाळी ती मोबाईल घेऊन दारात बसली होती. तिने फोटो बोटांनी मोठा केला, नवरदेवावर नाही, मुलीवर. मग मोबाईल माझ्याकडे देत म्हणाली, “पोरगी लईच लहान दिसायलीय, ताई.”